लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा क्रूझवर जाताना

क्रूझवर जायचं घरात ठरलं की पहिल्यांदा जहाजाचे फोटो पाहिले जातात. मूल सहा-सात वर्षांच्या आतलं असेल तर ते फोटो जरा बाजूला ठेवा आणि एका कागदावर मुलाचा नेहमीचा दिवस लिहून काढा. सकाळी किती वाजता जाग येते, दुपारची झोप अजून आहे की सुटली, अंधार नसेल तर झोप लागते का, वरणभात आणि दहीभात सोडून काय खातं, मोठ्या आवाजाला घाबरतं का, घाटात गाडी लागते का. कोणता मार्ग, कोणता महिना, कोणती खोली हे सगळं या कागदावरून ठरवायचं. जहाजावर करमणुकीचे कार्यक्रम सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चालू असतात. पैसे भरलेत म्हणून ते सगळे गाठायला निघालात, तर दुसऱ्या संध्याकाळी मूल चिडचिडं होतं आणि आईवडील एकमेकांवर वैतागलेले असतात. मुलाची झोप आणि जेवण जागच्या जागी राहिलं तर बाकीचं आपोआप जमतं. म्हणून या लेखात खेळ-कार्यक्रमांपेक्षा झोप, पोट आणि सुरक्षितता यांवरच मी जास्त बोलणार आहे.

पहिली सफर जवळची आणि छोटी असावी, याबद्दल माझं मत ठाम आहे. दोन किंवा तीन रात्री पुरे. महाराष्ट्रातल्या कुटुंबाला त्यासाठी विमानात बसायचीही गरज नाही. मुंबईत बॅलार्ड पिअरला क्रूझ टर्मिनल आहे आणि २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचं ‘एम्प्रेस’ तिथून गोवा, लक्षद्वीप अशा सफरी करत आलं आहे. हे १९९० साली बांधलेलं जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियन या अमेरिकी कंपनीकडे होतं. आजच्या राक्षसी जहाजांच्या मानाने ते लहान आहे, पण चार वर्षांच्या मुलासाठी ही चांगलीच गोष्ट आहे. चालावं कमी लागतं आणि दोन दिवसांत मुलाला आपली वाट ओळखू येते. सफरींचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, त्यामुळे तारखा आधी पाहा आणि शाळेची रजा त्यानंतर ठरवा.

मुंबई-गोवा आणि लक्षद्वीप यांत निवड करायची असेल तर पहिल्या खेपेला गोवा. लक्षद्वीपच्या निळ्या पाण्याची ओढ मी समजू शकते. पण तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते समुद्रात उभं राहतं आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या होडीत कडेवरचं मूल घेऊन पाय ठेवणं सोपं नाही, आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरणंच रद्द होतं. शिवाय लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो. गोव्यात जहाज मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागतं आणि तुम्ही चालत उतरता.

महिना कोणता? आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी बांधव होड्या समुद्रात घालत नाहीत, त्यामागचं शहाणपण प्रवाशांनीही ध्यानात ठेवावं. पावसाळ्यात अरबी समुद्र मुलांना घेऊन जाण्याजोगा नसतो. पावसाळ्याच्या आगेमागे वादळांचा काळ असतो: तौक्ते २०२१च्या मे महिन्यात आलं, निसर्ग २०२०च्या जूनमध्ये, क्यार २०१९च्या ऑक्टोबरमध्ये. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत चांगला. समुद्र बहुधा शांत असतो आणि डेकवर ऊनही सोसवतं. नाताळच्या सुटीत भाडं चढतं आणि जहाज भरलेलं असतं. मूल अजून बालवाडीत असेल तर जानेवारीतल्या एखाद्या आठवड्यात सोमवार ते बुधवार अशी सफर घ्या. उन्हाळी सुटीशिवाय जमणारच नसेल तर मेच्या अखेरीपेक्षा एप्रिलचा शेवट बरा.

खोली निवडताना बहुतेक जण फक्त भाडं पाहतात. त्याआधी जहाजाचा नकाशा मागा. झुल्याचं टोक जसं जास्त हलतं आणि मधला भाग कमी, तसंच जहाजाचं आहे. नाळेकडच्या आणि वरच्या मजल्यांवरच्या खोल्या अधिक डोलतात, मधल्या भागातल्या खालच्या मजल्यांवरच्या सगळ्यांत कमी. दुसरी गोष्ट आवाजाची. तुमच्या खोलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील असं पाहा. वर डान्स फ्लोअर किंवा तरणतलावाच्या खुर्च्यांची ओढाताण असेल तर रात्री मुलाची झोप मोडतेच.

आतली खोली सगळ्यांत स्वस्त असते. तिला खिडकी नसते, म्हणून दिवा मालवला की दुपारीसुद्धा मिट्ट काळोख. दुपारी दोन तास झोपणाऱ्या मुलाला हे फार मानवतं, पण ती दोन तासांची झोप काढताना आई किंवा बाबा अंधारात बसून राहतात, याचाही विचार करा. बाल्कनीची खोली सुंदर असते आणि हौशी मंडळी तीच घेतात. चालायला लागलेलं आणि चढायला शिकलेलं मूल असेल तर मी ती घेऊ नका असंच सांगेन. कठडा उंच असतो हे खरं, पण बाल्कनीत खुर्ची आणि छोटं टेबल असतं, आणि दीड वर्षाच्या मुलाला खुर्चीवर चढायला किती क्षण लागतात हे घरी तुम्ही पाहिलेलंच आहे. घेतलीच तर पहिल्या दिवशी खुर्च्या-टेबल खोलीत आणून ठेवा किंवा स्टुअर्डला न्यायला सांगा, दाराची वरची कडी कायम लावा, आणि ‘मोठं माणूस बरोबर असेल तरच बाल्कनी’ हा नियम आजी-आजोबांसकट सगळ्यांना सांगा. मला स्वतःला बंद काचेची खिडकी असलेली समुद्राकडची खोली लहान मुलांसाठी सर्वांत योग्य वाटते. मूल खिडकीला नाक लावून तासभर लाटा पाहतं आणि तुमचा जीव खालीवर होत नाही.

चौघांच्या खोलीत वरच्या दोन जागा बहुधा भिंतीतून उघडणाऱ्या बंकच्या असतात. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका. तान्ह्या बाळासाठी पाळणा-कॉट आरक्षण करतानाच मागून ठेवा, कारण जहाजावर त्या मोजक्याच असतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर शेजारशेजारच्या दोन खोल्या घ्या. रात्री मूल झोपल्यावर एक जोडपं खोलीत आणि दुसरं डेकवर, असं पाळीपाळीने जमतं. सगळ्यांना क्रूझ खरोखर उपभोगता येते ती अशी.

वयाच्या अटी आरक्षणापूर्वी विचारा. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत, लांबच्या सफरींना ही अट बारा महिन्यांची असते. घरात दुसऱ्या बाळाची चाहूल असेल तर हेही माहीत असू द्या: गरोदरपणाचा चोविसावा आठवडा सुरू झाला असेल तर बहुतेक जहाजांवर प्रवेश मिळत नाही, आणि दिवस परतीच्या तारखेला मोजले जातात. भाड्याचंही विचारून घ्या. खोलीतल्या पहिल्या दोघांचं भाडं पूर्ण असतं, तिसऱ्या-चौथ्याला सवलत मिळते, पण बंदर शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांसाठीची सेवा-रक्कम बऱ्याचदा मुलांनाही माणशी लागते. जाहिरातीतला आकडा आणि शेवटचं बिल यांत फरक पडतो तो इथेच.

कागदपत्रांत मुलांचे कागदच मागे पडतात. देशातल्या सफरीला मोठ्यांप्रमाणे मुलांचंही ओळखपत्र लागतं. पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं बाल आधार काढलेलं नसेल तर महिनाभर आधी काढा, जन्मदाखल्याची प्रतही जवळ ठेवा. पुढे कधी सिंगापूरहून क्रूझ घ्यायचा विचार असेल, तर प्रत्येक मुलाला स्वतंत्र पासपोर्ट हवा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे आईवडिलांचा चालू आणि मुलाचा संपलेला असं सहज होतं. जहाज सिंगापूर सोडून मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत येतं, म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश करता. व्हिसावर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा आहे ना, ते डोळ्यांनी वाचून घ्या.

आता सामान. टर्मिनलवर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी येईपर्यंत काही तास जाऊ शकतात. खोलीही लगेच ताब्यात मिळते असं नाही. म्हणून पाठीवरच्या पिशवीत दिवसभराचे डायपर, कपड्यांचे दोन जोड, औषधं, पोहण्याचे कपडे, बाळाची बाटली आणि मुलाचं झोपेचं पांघरूण किंवा भावली, एवढं हवंच. मोठ्या बॅगेत प्रत्येकाचा एक स्वेटर टाका. एसी हॉलमध्ये मुलं कुडकुडतात आणि संध्याकाळी डेकवर वाराही गार असतो. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, इंडक्शन किंवा राइस कुकर नेऊ नका. आगीच्या भीतीने ही उपकरणं जहाजावर चालत नाहीत आणि तपासणीत काढून घेतात. बहुतेक ठिकाणी विजेचं एक्स्टेन्शन बोर्डही नेऊ देत नाहीत. घरचं शिजवलेलं अन्नही बहुधा चढू देत नाहीत. बंद पाकिटातलं बाळाचं खाणं, दुधाची पावडर, राजगिरा लाडू, खाकरे चालतात का, ते कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर मोबाइलमध्ये जपून ठेवा. दुधासाठी गरम पाणी रेस्टॉरंटमध्ये मिळतं. रात्रीसाठी चांगला थर्मास भरून ठेवायचा.

एक गोष्ट मात्र आपल्या घरांतल्या मुलांसाठी मुद्दाम सांगते. जहाजावरचं न्हाणीघर चिमुकलं असतं, त्यात बहुतेक फक्त शॉवर. बादली-तांब्याने आंघोळ करणारी मुलं डोक्यावरून कोसळणाऱ्या शॉवरला घाबरतात. घडी होणारी छोटी रबरी बादली आणि एक मग नेलात तर रोजची आंघोळ घरच्यासारखी होते. तिथलं फ्लशही हवेच्या दाबाचं असतं, त्याचा धाडकन मोठा आवाज येतो. आधी मुलाला उतरवा, झाकण लावा, मग बटण दाबा. नाहीतर नुकतंच शू-शी सांगायला शिकलेलं मूल दोन दिवस आत जायला नकार देतं.

जहाज सुटायच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर आरामात निघू, असं करू नका. चढायचं दार जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं आणि तिकिटावर दिलेली वेळ ही शेवटची असते. पुणे-नाशिकहून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच मुंबईत मुक्काम केलेला बरा. द्रुतगती मार्गावरच्या वाहतूक कोंडीसाठी जहाज थांबत नाही.

चढल्यावर सर्वांत आधी सुरक्षेची कवायत होते. जहाजं तिला मस्टर ड्रिल म्हणतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच ती घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. मूल झोपलं आहे या सबबीवर ती टाळू नका. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा, हे मुलांना खेळासारखं तोंडाने वाजवून शिकवा. खोलीतून आपल्या जमायच्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालत जा, लिफ्टने नको. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट जहाजावर असतातच. तुमच्या खोलीत फक्त मोठी असतील तर स्टुअर्डकडून मुलांची मागून घ्या आणि एकदा घालून पाहा.

ही कवायत आटोपली की वर डेकवर जा. मुंबईतून निघतानाचा तास सगळ्या सफरीत मला सर्वाधिक आवडतो, आणि तो फुकट आहे. जहाज दक्षिणेकडे निघालं की उजव्या हाताला गेटवे आणि ताजमहाल हॉटेल समुद्राच्या बाजूने दिसतात, मग कुलाब्याच्या टोकापलीकडचं प्राँग्जचं दीपगृह. डाव्या बाजूला मांडव्याचा किनारा आणि पुढे खांदेरीचा दुर्ग, तिथल्या दीपगृहासह. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटावर तटबंदी उभारायला घेतली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ते काम थांबवायचा प्रयत्न केला आणि त्यांना ते जमलं नाही, ही गोष्ट मुलांना नेमकी तिथे उभं राहून सांगता येते. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत खांदेरी आहे. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. जहाज कधी सुटतं त्यावर किती उजेड हाताशी राहील ते ठरेल, म्हणून आधी खोलीतलं सामान लावत बसू नका.

बोट लागण्याची भीती प्रत्येक घरात असते, आणि कोकणच्या जुन्या आगबोटींच्या आठवणी सांगणारं एखादं वडीलधारं माणूस असेल तर जास्तच. आजच्या मोठ्या जहाजांना दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात आणि हिवाळ्यात डुलणं बरंच कमी असतं. तरी तयारी हवी. दोन वर्षांखालच्या बाळांना बोट सहसा लागत नाही. दोन ते बारा या वयात त्रास सर्वांत अधिक होतो. घाटात गाडी लागणारं मूल असेल तर निघण्यापूर्वी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि औषधाचं नाव, वजनानुसार मात्रा आणि वेळ लिहून घ्या. घरात ठेवलेली अ‍ॅव्होमिनची गोळी अर्धी करून देऊ नका. तिच्यात प्रोमेथाझिन असतं आणि ते दोन वर्षांखालच्या मुलांना मुळीच द्यायचं नसतं, कारण श्वास मंदावण्याचा धोका असतो. कोणतंही औषध उलटी सुरू झाल्यावर फारसं उपयोगी पडत नाही, ते आधी द्यायचं असतं.

औषधाशिवायचे उपायही खरोखर लागू पडतात. मुलाला उघड्या हवेत, जहाजाच्या मध्यभागी न्या आणि दूर क्षितिजाकडे पाहायला लावा. खोलीत मोबाइलवर कार्टून पाहत बसलेल्या मुलाला हटकून मळमळतं. पोट रिकामं ठेवू नका, तसंच तेलकट पुरी-भजीही नको. कोरडी पोळी, खाकरा, मऊ भात आणि थोडं थोडं पाणी द्या. आलेपाकाची वडी मोठ्या मुलांना चघळायला बरी. झोप लागली तर झोपू द्या, उठेल तेव्हा बहुतेक बरं वाटलेलं असतं.

जेवणाची चिंता अनेक आयांना असते ती मात्र फारशी नको. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर भारतीय जेवण असतंच, जैनही मिळतं. पहिल्याच जेवणाला प्रमुख वाढप्याला भेटा आणि मुलासाठी बिनतिखटाचं वरण, मऊ भात, दही हवं असं स्पष्ट सांगा. पुढच्या जेवणांना ते आठवणीने आणून देतात. रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर लवकरची घ्या. बुफेत मुलाला स्वतः वाढून घेऊ देऊ नका. जहाजासारख्या बंदिस्त जागेत नोरोव्हायरसचे जुलाब-उलट्या झपाट्याने पसरतात, आणि बाटलीतलं सॅनिटायझर त्या विषाणूवर नीट चालत नाही. प्रत्येक खाण्याआधी साबण आणि पाण्याने हात धुवायचेच. ओआरएस, पॅरासिटॅमॉलचं औषध आणि थर्मामीटर घरून न्या. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांचं बिल वेगळं लागतं.

तरणतलावाबद्दल मी कडक आहे. बऱ्याच जहाजांवर जीवरक्षक नसतो. तलाव उथळ दिसला तरी जहाजाबरोबर पाणीही डुचमळतं. पोहता न येणाऱ्या मुलापासून हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस हवं आणि त्याच्या हातात मोबाइल नको. अजून डायपरमध्ये असलेल्या मुलांना बहुतेक जहाजांवर तलावात सोडत नाहीत, पोहण्याचा डायपर घातला तरी. कारंज्यांचा छोटा भाग चालतो का ते विचारा. ऊन वाऱ्यामुळे जाणवत नाही आणि दुपारी खांदे भाजतात, म्हणून टोपी आणि पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. कठड्यावर मुलाला फोटोसाठी बसवायचं नाही, धरूनसुद्धा नाही.

मुलांच्या क्लबमध्ये साधारणपणे तीन वर्षं पूर्ण झालेलं, स्वच्छतागृहात जायला शिकलेलं मूल घेतात. त्याहून लहान असेल तर तुम्हाला बरोबर थांबावं लागतं. पहिल्या दिवशी अर्धा तास तिथे बसा, मूल रमलं तर दुसऱ्या दिवशी सोडा, नाही रमलं तर हट्ट करू नका. मुलाच्या खिशात तुमचं नाव आणि मोबाइल क्रमांकाची चिठ्ठी असू द्या. पण समुद्रात मोबाइल बहुधा लागत नाही, म्हणून चुकामूक झाली तर गणवेशातल्या माणसाकडे जायचं हे शिकवून ठेवा. किनारा दूर गेला की फोन फ्लाइट मोडवर टाका. जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला तो आपोआप जोडला गेला तर बिल हजारोंत येतं.

गोव्याचा दिवस हातात असेल तर पणजी, जुनं गोवं आणि कलंगूट असं सगळं बांधू नका. मुरगावहून पणजीच तीस किलोमीटरच्या आसपास आहे. बंदराजवळच बोगमाळोचा किनारा आहे आणि त्याच रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय, जिथे जुनी विमानं उघड्या मैदानात मांडलेली आहेत. विमानांभोवती पळायला मिळालं की मुलं खूश होतात. सोमवारी ते बंद असतं. दुपारच्या झोपेला जहाजावर परत या. बहुतेक प्रवासी शहरात गेलेले असल्याने त्या वेळी तलाव आणि खेळाची जागा मोकळी सापडते.

गोव्यातच सफर संपवणार असाल तर परतीचं विमान दाबोळीहून घ्या. तो विमानतळ बंदरापासून अगदी जवळ आहे. दुसरा, मोपाचा विमानतळ गोव्याच्या उत्तर टोकाला, साठेक किलोमीटरवर आहे, आणि तिकीट काढताना दोन्हींची गल्लत होते. रेल्वेने मुंबईला जायचं तर बहुधा मडगाव गाठावं लागतं. जहाजातून उतरायला रांगा लागतात, बॅगा मिळायलाही वेळ जातो, म्हणून दुपारनंतरचीच गाडी किंवा विमान ठरवा. आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगितलं असेल, तर मुलांचे सकाळचे कपडे, औषधं आणि ओळखपत्रं आधी वेगळी काढा, आणि खोली सोडण्यापूर्वी पलंगाखाली वाकून पाहा.